मोहोर शाबूत, मजकूर मात्र बिघडलेला!

चेकसमचा पहारा असलेल्या फाइल सिस्टिममध्येही डिरेक्टरी का बिघडते आणि तो बिघाड रोखायचा कसा?

समजा, एखाद्या घरातील संगणकावर 'कर' नावाचा एक फोल्डर आहे. दहा वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे, गृहकर्जाचे कागद, मालमत्ता कराच्या पावत्या असा सारा ऐवज त्यात जपून ठेवलेला आहे. एके दिवशी तो उघडायला जावे, तर संगणक सांगतो, 'असा फोल्डर अस्तित्वात नाही.' यादीत मात्र त्याचे नाव ठसठशीत दिसते आहे! पुसून टाकावे म्हटले तरी तेच उत्तर. ज्या मोठ्या फोल्डरमध्ये तो आहे तो काढून टाकू पाहावे, तर 'तो रिकामा नाही' असे सांगितले जाते. अखेर डिस्कची तपासणी करावी, तर अहवाल निर्वाळा देतो, की सर्व चेकसम जुळले, एकही चूक आढळली नाही.

ही भुताटकी नव्हे. संगणकशास्त्रात ओळखीच्या असलेल्या एका बिघाडाचे हे लक्षण आहे. विशेष म्हणजे, माहितीच्या अचूकतेसाठी नावाजलेल्या आधुनिक फाइल सिस्टिममध्येही तो घडू शकतो. 'चेकसम आहे, म्हणजे माहिती सुरक्षित आहे' असा अनेकांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. उरलेले अर्धे समजून घेतले नाही, तर नेमक्या संकटाच्या वेळी चुकीचे पाऊल उचलले जाते आणि वाचू शकणारी माहितीही हातची जाते.

डिरेक्टरी म्हणजे अनुक्रमणिका

हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर फोल्डर नावाची कोणतीही पेटी नसते. असतात ते केवळ क्रमांक दिलेले ठोकळे. कोणत्या ठोकळ्यात काय आहे, याचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला 'फाइल सिस्टिम' म्हणतात आणि फाइलचे नाव व तिचा अंतर्गत क्रमांक यांची सांगड घालणाऱ्या नोंदींच्या यादीला 'डिरेक्टरी'. आपण ज्याला फोल्डर म्हणतो, ती ही यादीच होय.

छायाचित्राच्या फाइलमधील एखादा आकडा बिघडला, तर चित्राच्या एका कोपऱ्यात डाग पडेल. डिरेक्टरीतील एखादा आकडा बिघडला, तर तिच्याखालचे सारे फोल्डर आणि त्यांतील हजारो फाइली जागच्या जागी असूनही हाती लागत नाहीत. ग्रंथालयातील पुस्तके सुखरूप आहेत, पण सूचीचे कपाट जळाले आहे, अशी ही अवस्था. म्हणूनच फाइल सिस्टिम घडविणारे अभियंते या हिशेबाच्या माहितीला, म्हणजे 'मेटाडेटा'ला, प्रत्यक्ष मजकुराहूनही अधिक जपतात.

चेकसम काय करतो?

ठोकळ्यातील सर्व आकड्यांवर ठरावीक गणित करून एक छोटी संख्या काढायची आणि ती जपून ठेवायची, हे चेकसमचे तत्त्व. ठोकळा पुन्हा वाचताना तेच गणित पुन्हा करायचे. उत्तर जुळले नाही, तर मधल्या काळात काहीतरी बदलले हे निश्चित. जुन्या काळी खलित्यावर लाखेची मोहोर लावली जाई. वाटेत कोणी खलिता फोडला, तर मोहोर तुटलेली दिसे. चेकसम हीच कामगिरी करतो.

ही खबरदारी अनाठायी नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठ, टोरांटो विद्यापीठ आणि नेटअॅप या साठवण-यंत्रणा बनविणाऱ्या कंपनीतील संशोधकांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे १५ लाख ३० हजार डिस्कची ४१ महिन्यांची माहिती त्यांनी तपासली. त्यात चेकसम न जुळण्याचे चार लाखांहून अधिक प्रसंग आढळले. डिस्कने कोणतीही तक्रार न करता, 'घ्या, ही तुमची माहिती' असे म्हणत चुकीचे आकडे हाती ठेवले होते. घरगुती संगणकांत वापरल्या जाणाऱ्या स्वस्त जातीच्या डिस्कमध्ये हे प्रमाण महागड्या व्यावसायिक डिस्कच्या सुमारे दसपट होते.

या मुक्या बिघाडावर उतारा म्हणून नव्या फाइल सिस्टिम पुढे आल्या. सन मायक्रोसिस्टिम्सच्या अभियंत्यांनी घडविलेल्या 'झेडएफएस'चा मूळ प्रोग्राम २००५ मध्ये खुला झाला. ओरॅकलमध्ये असताना ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये 'बीटीआरएफएस'चे काम जाहीर केले. उच्चारायला अवघड असलेले हे नाव बोलताना 'बटरएफएस' होते. २००९ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. लिनक्समधील जुन्या 'ईएक्सटी४'ला २०१२ मध्ये आणि 'एक्सएफएस'ला २०१३ मध्ये मेटाडेटासाठी चेकसम मिळाले. अॅपलने २०१७ मध्ये आणलेल्या 'एपीएफएस'मध्ये मेटाडेटाला चेकसम आहेत, वापरकर्त्याच्या मजकुराला नाहीत. फेडोरा लिनक्सच्या वर्कस्टेशन आवृत्तीने ऑक्टोबर २०२० पासून बटरएफएस ही नेहमीची फाइल सिस्टिम केली. घराघरांत छायाचित्रे साठविण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या सिनॉलॉजीच्या अनेक साठवण-पेट्यांतही तिचा पर्याय असतो. तेव्हा हा विषय आता प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही.

मोहोर लागण्याआधीच चूक झाली तर?

मोहोर एवढीच साक्ष देते, की लखोटा बंद झाल्यानंतर तो कोणी उघडला नाही. लखोट्यात घालण्यापूर्वीच कारकुनाने आकडा चुकीचा लिहिला असेल, तर मोहोर त्याविषयी काय सांगणार? चेकसमची मर्यादा नेमकी हीच आहे.

फोल्डरचे नाव बदलले, नवी फाइल आली किंवा जुनी पुसली, की डिरेक्टरीचा तो ठोकळा आधी संगणकाच्या मेमरीत बदलला जातो. प्रत्येक बदलासाठी डिस्ककडे धाव घेणे परवडणारे नसते. म्हणून बदल साठवून एकत्रितपणे लिहिले जातात. बटरएफएसमध्ये हा काळ वेगळी सूचना न दिल्यास ३० सेकंदांचा असतो. मेटाडेटाचा ठोकळा साधारणपणे १६ किलोबाइटचा, म्हणजे १ लाख ३१ हजार ७२ बिटांचा. या सर्व बिटांनी तेवढा वेळ मेमरीत आपापली जागा धरून राहायचे असते. चेकसम काढला जातो तो अगदी शेवटी, ठोकळा डिस्ककडे रवाना होताना. त्या आधी एखादा बिट उलटला, म्हणजे शून्याचा एक किंवा एकाचा शून्य झाला, तर चुकीच्या मजकुरावर बिनचूक चेकसम काढला जातो. लखोट्यात चूक, वर मोहोर अस्सल!

मेमरीत असे होते का? होते. मेमरी चिपच्या आवरणातील किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवू शकतात, हे इंटेलच्या संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीसच दाखवून दिले होते. गूगल आणि टोरांटो विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरमधील मेमरीचा अडीच वर्षांचा अभ्यास मांडला. वर्षभरात मेमरीच्या आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका नोंदल्या गेल्या होत्या. अवकाशातून येणाऱ्या कणांपेक्षा सदोष चिपचा वाटा मोठा असल्याचे सबळ पुरावेही या अभ्यासात होते. म्हणजे, चूक एकदा होऊन विसरली जाण्याऐवजी त्याच पट्टीत ती पुनःपुन्हा होत राहते.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये झेडएफएसलाच कसोटीवर लावले. डिस्कवर मुद्दाम केलेले बिघाड तिने उत्तम रीतीने ओळखले व सावरले. मेमरीत मुद्दाम उलटविलेल्या बिटांपुढे मात्र ती दुबळी ठरली. काही वेळा चुकीची माहिती बिनबोभाट लिहिली गेली, तर काही वेळा संगणकच कोलमडला. दोष झेडएफएसपुरता नव्हता. मेमरीवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या कोणत्याही फाइल सिस्टिमला तो लागू पडतो.

'क'चा 'ग' होतो तेव्हा

आता पुन्हा त्या 'कर' फोल्डरकडे वळू. युनिकोडमध्ये 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५, तर 'ग'चा २३२७ आहे. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत लिहिले जाते. 'क'चा तिसरा बाइट १००१०१०१ असा, तर 'ग'चा १००१०१११ असा. दोहोंत फरक केवळ एका बिटाचा. तो उलटला, की 'कर'चा 'गर' होतो!

बटरएफएसच्या डिरेक्टरीत प्रत्येक नावाची नोंद दोन प्रकारे असते. एक नोंद क्रमवार असते. फोल्डर उघडल्यावर दिसणारी यादी तिच्यावरून तयार होते. दुसरी नोंद नाव चटकन शोधण्यासाठी असते. नावातील अक्षरांवर गणित करून एक संख्या काढली जाते. तिला 'हॅश' म्हणतात. नोंद त्या संख्येच्या कप्प्यात ठेवली जाते. टपाल कार्यालयात पिनकोडनुसार कप्पे असतात, तसेच हे.

या दुसऱ्या नोंदीतील 'कर'चा 'गर' झाला असे समजा. यादी पहिल्या नोंदीवरून येत असल्याने तिच्यात 'कर' दिसत राहते. उघडायला गेल्यावर संगणक 'कर'चा हॅश काढून अचूक कप्प्यापाशी पोहोचतो. तेथे लिहिलेले असते 'गर'. नाव जुळत नाही, म्हणून तो 'असा फोल्डर नाही' असे सांगतो. 'गर' म्हणून शोधावे, तर त्याचा हॅश वेगळा आणि कप्पाही वेगळा. तो रिकामा. यादीत आहे पण उघडत नाही, हा चमत्कार घडतो तो असा. ठोकळ्याचा चेकसम बरोबर असल्याने डिस्कच्या तपासणीत काहीही निघत नाही. मेटाडेटाच्या दोन प्रती ठेवल्या असतील, तर दोन्ही प्रतींत हीच चूक प्रामाणिकपणे उतरलेली असते.

मोहोर खरी, पण पत्र जुने

चेकसमला चकविणारा आणखी एक प्रकार आहे. डिस्कने 'लिहिले' असे सांगितले, पण प्रत्यक्षात लिहिलेच नाही! डिस्कमध्ये स्वतःची छोटी तात्पुरती मेमरी असते. 'आतापर्यंतचे सर्व कायमचे लिहून मगच कळव', असा आदेश फाइल सिस्टिम तिला वेळोवेळी देते. काही सदोष डिस्क आणि यूएसबी जोडण्या हा आदेश न पाळताच होकार देतात. त्याच क्षणी वीज गेली, तर नव्या नोंदीच्या जागी जुना ठोकळा तसाच राहतो. त्या जुन्या ठोकळ्यावरचा चेकसमही त्याच्यापुरता बरोबर असतो.

यावर झेडएफएसने योजलेला उपाय मूलगामी आहे. तेथे ठोकळ्याचा चेकसम त्या ठोकळ्यात नसतो. त्याचा पत्ता सांगणाऱ्या वरच्या ठोकळ्यात तो असतो. जुना ठोकळा पुढे आला, की वरच्या नोंदीशी त्याचा मेळ बसत नाही. बटरएफएसमध्ये मेटाडेटाचा चेकसम ठोकळ्यातच असतो, मात्र त्याच्या जोडीला पिढीचा क्रमांक असतो. वरचा ठोकळा म्हणतो, 'खालचा अमुक पिढीचा असला पाहिजे.' प्रत्यक्षात मागच्या पिढीचा निघाला, तर तो नाकारला जातो.

या दोन्ही व्यवस्थांचा आणखी एक नियम डिरेक्टरीच्या पथ्यावर पडतो. वापरात असलेल्या ठोकळ्यावर त्या कधीही खोडाखोड करीत नाहीत. बदललेला ठोकळा नव्या जागी लिहितात, त्याचा पत्ता सांगणारा वरचा ठोकळाही नव्या जागी लिहितात आणि असे करीत मुळापर्यंत पोहोचतात. सर्व काही कायमचे लिहिले गेल्यावर सर्वांत शेवटी मूळ नोंद नव्या झाडाकडे वळविली जाते. मधेच वीज गेली, तर मूळ नोंद जुन्या आणि सुसंगत झाडाकडेच बोट दाखवीत असते. शेवटच्या काही क्षणांचे काम बुडते, पण अर्धवट डिरेक्टरी मागे राहत नाही.

मोहोर लावण्यापूर्वी मजकूर वाचा

मेमरीत झालेल्या चुकीवर मात्र यातील काहीच चालत नाही. तिच्यासाठी चेकसमच्या अलीकडे एक पायरी हवी होती. मोहोर लावण्यापूर्वी मजकूर अर्थाच्या दृष्टीने वाचून पाहायचा, ही ती पायरी.

एक्सएफएसने मेटाडेटाला चेकसम देतानाच ठोकळा लिहिण्यापूर्वी त्याची रचना पडताळण्याची सोय केली होती. बटरएफएसमध्ये ठोकळा वाचताना त्यातील नोंदी तपासणारा स्वतंत्र भाग २०१८ च्या आरंभी आलेल्या लिनक्स ४.१५ मध्ये उभा राहिला. त्याला 'ट्री-चेकर' म्हणतात. जुलै २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ५.२ पासून हीच तपासणी लिहिण्याच्या क्षणीही होऊ लागली. चुकीचे वाचल्यावर बोंब मारण्याऐवजी चुकीचे लिहूच द्यायचे नाही, असा हा बदल होता.

तपासणीचे निकष साधे आहेत. नोंदी चढत्या क्रमाने आहेत ना? एखादी नोंद ठोकळ्याच्या सीमेबाहेर तर जात नाही? नावाची लांबी २५५ बाइटांच्या आत आहे ना? (देवनागरीत ही मर्यादा काना-मात्रा धरून ८५ चिन्हांवरच संपते.) नोंदीत सांगितलेला प्रकार, म्हणजे फाइल, फोल्डर वगैरे, ज्ञात प्रकारांपैकी आहे ना? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नावावरून पुन्हा काढलेला हॅश आणि नोंदीच्या कप्प्याचा क्रमांक जुळतो ना? 'कर'चा 'गर' झालेला असेल, तर तो या शेवटच्या प्रश्नाला अडखळतो आणि डिस्कवर पोहोचण्यापूर्वीच पकडला जातो.

अर्थात, ही चाळणी सर्वकाही अडवू शकत नाही. ती एका वेळी एकच ठोकळा पाहते. दोन ठोकळ्यांतील नोंदी परस्परांशी जुळतात की नाही, हे लिहिताना दरवेळी पाहत बसले, तर संगणक रांगू लागेल. क्रमवार नोंदीच्या कप्प्याचा क्रमांक नावावरून ठरत नसल्याने तिच्यातील नावाचे एखादे अक्षर बदलले, तर तेही या चाळणीतून निसटू शकते. आणि छायाचित्राच्या वा हिशेबाच्या फाइलमधील आकडा मेमरीतच बदलला, तर तो 'चुकीचा' आहे हे ठरविण्यास फाइल सिस्टिमपाशी कोणतेच साधन नसते.

दार बंद होते तेव्हा

सामान्य वापरकर्त्याचा गोंधळ येथेच उडतो. लिहितेवेळची तपासणी चूक पकडते, तेव्हा ती गुपचूप दुरुस्ती करीत नाही. चालू असलेला सर्व व्यवहार ती रद्द करते आणि संपूर्ण फाइल सिस्टिम 'केवळ वाचण्यासाठी' खुली ठेवते. काम करता करता अचानक काहीच साठविता येईनासे होते. 'रचनेची साफसफाई आवश्यक' अशा अर्थाचा त्रोटक संदेश येतो. वापरकर्त्याला वाटते, फाइल सिस्टिम बिघडली.

वस्तुस्थिती नेमकी उलट असते. बिघाड मेमरीत झालेला असतो आणि डिस्कवरील जुने झाड अबाधित असते. दार बंद करून फाइल सिस्टिमने त्या झाडाचे रक्षण केलेले असते. संगणक पुन्हा सुरू केल्यावर बहुधा सारे पूर्ववत दिसते. गेलेच तर शेवटच्या काही सेकंदांचे काम जाते. पण खरा धोका यानंतरच सुरू होतो. 'आता चालते आहे ना' म्हणून सदोष मेमरीवर काम सुरू ठेवले, तर पुढचा उलटलेला बिट चाळणीतून निसटणाऱ्या जागी पडू शकतो. दार बंद होणे ही मेमरी तपासण्याची सूचना आहे, असे मानणेच शहाणपणाचे.

दुरुस्तीचा मोह

चूक निसटून डिस्कवर पोहोचलीच, तर? बटरएफएसमध्ये एक तिसरी नोंदही असते. 'माझे नाव अमुक आणि मी अमुक फोल्डरमध्ये राहते', असे फाइलच्या बाजूनेही लिहिलेले असते. सातबारा आणि आठ-अ यांच्यासारखे हे नाते आहे. सातबारा जमिनीच्या बाजूने सांगतो, की ही जमीन कोणाची. आठ-अ खातेदाराच्या बाजूने सांगतो, की याच्या नावे कोणत्या जमिनी. एका कागदावर नाव चुकले, तर दुसऱ्यावरून खरे काय ते शोधता येते. डिरेक्टरीतील क्रमवार नोंद, हॅशची नोंद आणि फाइलकडील उलटी नोंद यांचा मेळ घालणारे तपासणीचे साधन बटरएफएससोबत येते. डिस्क वापरातून काढून ते चालविले, की ते केवळ वाचून विसंगती दाखवते.

त्याच साधनाला 'दुरुस्त कर' असाही आदेश देता येतो. मोह होतो तो येथे. जाणकारांच्या सल्ल्याशिवाय हा आदेश वापरू नये, असा स्पष्ट इशारा बटरएफएसच्या माहितीपत्रकातच दिलेला आहे. कारण दुरुस्ती ही एक प्रकारची अटकळ असते. तीन नोंदींपैकी खरी कोणती, हे साधनाने ठरवायचे आणि त्याप्रमाणे लिहायचे. त्यातही ज्या संगणकाची मेमरी सदोष आहे त्याच संगणकावर दुरुस्ती केली, तर आगीत तेल ओतल्यासारखे होते. आधी जे वाचता येते ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे, मेमरी तपासावी वा बदलावी, आणि मगच दुरुस्तीचा विचार करावा, हा क्रम मोडू नये.

काय करावे, काय टाळावे?

जे कुटुंब वा छोटे कार्यालय आपला ऐवज अशा फाइल सिस्टिमवर ठेवते, त्याने काही गोष्टी ध्यानात ठेवणे इष्ट.

पहिली गोष्ट मेमरीची. नवा संगणक किंवा मेमरीची नवी पट्टी वापरात आणण्यापूर्वी 'मेमटेस्ट८६+'सारखे मोफत साधन रात्रभर चालवून पाहावे. महत्त्वाच्या साठवण-यंत्रासाठी 'ईसीसी' मेमरी घेणे परवडत असेल, तर अवश्य घ्यावी. तीत दर ६४ बिटांमागे आठ जादा बिट असतात. एका बिटाची चूक ती स्वतः सुधारते आणि दोन बिटांची चूक ओळखते. डीडीआर५ मेमरीच्या जाहिरातीत 'चिपवरील ईसीसी'चा उल्लेख असतो. ती सोय चिपच्या आतपुरती असते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतचा प्रवास तिच्या कक्षेत येत नाही. तेव्हा दोहोंची गल्लत करू नये.

दुसरी गोष्ट प्रतींची. मेटाडेटाच्या दोन प्रती ठेवल्या जात आहेत की नाही, हे पाहावे. एक प्रत डिस्कवर बिघडली, तर चेकसममुळे ते कळते आणि दुसरीवरून ती सुधारली जाते. एकच प्रत असेल, तर चेकसम चूक दाखवील, पण भरून देणार नाही. जुन्या साधनांनी एसएसडीवर तयार केलेल्या बटरएफएसमध्ये मेटाडेटाची एकच प्रत असण्याची शक्यता असते. ती नंतरही दोनवर नेता येते.

तिसरी गोष्ट नियमित तपासणीची. महिन्यातून एकदा 'स्क्रब' चालवावे. त्यात सर्व ठोकळे वाचून त्यांचे चेकसम पडताळले जातात. मात्र स्क्रब म्हणजे मोहोरांची तपासणी, मजकुराची नव्हे, हे विसरू नये. स्क्रब निर्दोष म्हणाला, तरी 'कर' उघडत नसेल, तर वापरकर्त्याचाच अनुभव खरा मानावा.

चौथी गोष्ट विजेची. यूपीएस, संगणक रीतसर बंद करण्याची सवय आणि भरवशाची जोडणी यांनी अर्धवट लेखनाचे प्रसंग टळतात. हलक्या प्रतीच्या यूएसबी पेटीत कायमस्वरूपी साठा ठेवणे टाळावे. पाचवी गोष्ट अद्ययावत प्रणालीची. लिहिण्यापूर्वीची तपासणी २०१९ नंतरच्या लिनक्समध्येच आहे. त्याहून जुन्या प्रणालीवर चालणाऱ्या यंत्रात हा पहारेकरी नसतो.

सहावी आणि अखेरची गोष्ट बॅकअपची. बटरएफएस आणि झेडएफएसमध्ये क्षणार्धात 'स्नॅपशॉट' घेता येतो. तो उपयुक्त आहे, पण तो बॅकअप नव्हे. स्नॅपशॉट तेच ठोकळे वापरतो आणि त्याच डिस्कवर राहतो. खरा बॅकअप वेगळ्या डिस्कवर आणि शक्य तर वेगळ्या जागी असावा. त्याच्या एकाहून अधिक तारखांच्या प्रती असाव्यात, कारण बिघाड महिन्याभराने लक्षात आला, तर कालची प्रतही बिघडलेलीच असते. आणि वर्षातून एकदोनदा त्यातील काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबणे म्हणजे न वाचलेल्या मृत्युपत्रावर विसंबणे होय.

संगणकाच्या पोटातील हा सारा खटाटोप शेवटी जुन्या दप्तरदारांच्या शहाणपणापाशीच येऊन थांबतो. मोहोर लावणारा वेगळा, मजकूर वाचून पाहणारा वेगळा आणि दुसऱ्या वहीशी ताळा घेणारा आणखी वेगळा असावा, हे त्यांना ठाऊक होते. चेकसमने यातील पहिल्याचे काम चोख केले आहे आणि लिहिण्यापूर्वीच्या तपासणीने दुसऱ्याचे बरेचसे. तिसऱ्याचे काम मात्र अजूनही बहुतांशी माणसाकडेच आहे. 'कर'चा 'गर' झाला आहे, हे ओळखणारा डोळा आणि दुसरीकडे जपून ठेवलेली एक खरी प्रत, या दोहोंना अद्याप पर्याय सापडलेला नाही.